खमरिया कोण खोडतंय?

माझ्या नणंदेवर माझा संशय होता आणि तो मी लपवलाही नाही. लपवायचा माझा स्वभावच नाही.

माझ्या सासूबाई, शेवंताबाई, उलट्या मटक्यावर लांब रोटी करतात. पातळसर कणीक दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत ताणायची आणि तापल्या मटक्यावर अलगद टाकायची. नागपूरकडून इकडे जबलपूरला आलेल्या आमच्या लोकांत लग्न असो की बारसं, त्यांना निरोप जातोच. त्या जातात, दिवसभर धूर खातात आणि घरी येतात. लोक घरी जाऊन कौतुक करतात ते मटणाचं. एकदा भांडी आवरताना मला म्हणाल्या, "एकता, आपल्याच लोकाईनं खाल्ली तं काय झालं? एक तरी अनोळखी माणूस माह्या नावानं विचारत यावा. मंग मानीन मी."

मी ते मनावर घेतलं आणि सासूबाईंचा, म्हणजे आईंचा, रोटी करतानाचा व्हिडिओ नेटवर टाकला. एका कोचिंग क्लासच्या व्हिडिओंखाली काय लिहायचं, हे ठरवणं हेच माझं काम. व्हिडिओ कितीही चांगला असो, शोधणारा माणूस शब्द टाकून शोधतो. ते शब्द व्हिडिओच्या नावात आणि खालच्या माहितीत नसले, तर तुमचा व्हिडिओ अडगळीत पडला म्हणून समजा. त्यातही पहिल्या दोन ओळी महत्त्वाच्या, पुढचं उघडून वाचायला कोणाला वेळ नसतो. आईंच्या व्हिडिओखाली मी लिहिलं, 'खमरिया, जबलपुर में शेवंता बाई की मटका रोटी.' जबलपूरचा माणूस 'मटका रोटी' असंच शोधणार, म्हणून हिंदी. त्याखाली आपल्या लोकांसाठी मराठीत चार ओळी आणि माझा फोन नंबर.

चार दिवसांनी बघते तर नंबर गायब. मला वाटलं, माझीच चूक झाली असेल. पुन्हा लिहिला. मग 'खमरिया', आमच्या वस्तीचं नाव, गेलं. तेही लिहिलं. मग जबलपूर गेलं, आईंचं नाव गेलं, मटका रोटीही गेली. पहिल्या ओळीत उरलं काय, तर 'में बाई की.' आता हे शोधत कोण येणार?

घरातलंच कोणीतरी हे करत होतं. नवऱ्याला विचारलं. अश्वजीत म्हणाला, "मी काहून करू?" इतका भोळा चेहरा त्याने लग्नाच्या बोलणीतही केला नव्हता, म्हणून त्यालाही मी संशयितांत ठेवलं. पण पहिला नंबर नणंदेचा, मोनाताईंचा. चॅनेल त्यांनीच उघडून दिलेलं, पासवर्ड त्यांना माहीत. विजय नगरला मोठ्या फ्लॅटमध्ये राहतात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "आईले चुलीपुढं बसलेलं साऱ्या दुनियेले काहून दाखवून राहिली?" मला तेवढं पुरे होतं. मी फोन केला आणि सरळ विचारलं, "ताई, आईंच्या नावाची लाज वाटते का तुम्हाला?"

त्यांनी फोन ठेवून दिला. रविवारी दुपारी स्वतःच आल्या, चपलाही जोरात काढल्या. आपला फोन माझ्यासमोर टेबलावर आपटला. "लो भाभी, देख लो. आता सांग, मी कशानं खोडून राहिली?"

अश्वजीतचा फोनही मी मागून घेतला. तो हसत होता, मोनाताई हसत नव्हत्या. मी लॅपटॉपवर आईंचा व्हिडिओ उघडला. सकाळीच सगळं नव्याने लिहिलं होतं आणि ते जागेवर होतं. थोड्या वेळाने पान पुन्हा उघडलं. 'खमरिया' नव्हतं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण चोर अजून सापडायचा होता. आई मागच्या अंगणात कणीक मळत होत्या. व्हिडिओ काढायचा जुना फोन, ज्यात चॅनेल उघडंच असतं, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला असतो. तिथे बाबा होते.

आम्ही तिघं दारात जाऊन उभे राहिलो. माझे सासरे लक्ष्मणराव, इथल्या संरक्षण खात्याच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले, चष्मा नाकावर आणून एका बोटाने 'जबलपुर'चं एकेक अक्षर पुसत होते.

"बाबा, हे काय?"

ते दचकलेही नाहीत. "काम करून राहिलो."

"पण काहून?" मोनाताई ओरडल्या.

"फॅक्टरीत लागलो त्याच दिवशी गेटवर सांगतलं होतं. काय बनते, कुठं बनते, कोण बनवते, बाहेर बोलाचं नाही. सारी जिंदगी पाळलं. आन् ही पोरगी नेमकं तेच लिहून राहिली. वरतून नंबर बी!"

"बाबा, ती रोटी आहे!"

"रोटी असो का काही असो. कोण कशासाठी पाहून राहिलं, तुले मालूम आहे?"

मी शंका काढण्यात स्वतःला हुशार समजत होते, या माणसापुढे मी अगदीच कच्ची होते. जे सांगायचं नाही म्हणून त्यांनी जन्म घालवला, नेमकं तेच सांगण्याचा मला पगार मिळत होता.

मागून आईंचा आवाज आला. हात कणकेचे होते. "मले तरी कुठं सांगतलं तुम्ही? रोज डबा बांधून देल्ला. तिथं काय बनवत होते, आजवर मालूम नाही. मी विचारलं बी नाही. पण माह्या रोटीत कोणतं गुपित आहे जी? आन् माहं नाव काहून खोडता? तसंही तुम्ही कधी घेत नाही."

हे खरं होतं. माझ्या लग्नापासून मी पाहतेय, बाबा त्यांना 'मोनाची आई' म्हणूनच हाक मारतात. बाबांनी फोन खाली ठेवला. "लिहा काय लिहाचं ते," म्हणाले आणि फाटकापाशी जाऊन उभे राहिले. मोनाताईंची मी माफी मागितली. त्यांनी ती लगेच दिली नाही, आणि ते बरोबरच होतं.

मी पुन्हा सगळं लिहिलं. बाबांवर माझा विश्वास नव्हता, म्हणून रोज सकाळी उठून तपासायचे. शब्द जागेवर राहिले.

मग एका दुपारी फाटकाशी मोटरसायकल थांबली. हेल्मेट घातलेला अनोळखी माणूस. बाबा पुढे झाले. मी खिडकीतून बघत होते आणि मला खात्री होती, हे त्याला हाकलणार.

"नाम?"

"अनुपम."

"कहाँ से?"

"शहपुरा से."

"काम क्या करते हो?"

तो माणूस गोंधळला. "अंकल, मैं तो रोटी लेने आया हूँ. वीडियो में देखा था. शेवंता जी का घर यही है ना?"

बाबा हो म्हणेनात, नाही म्हणेनात. मी चपला शोधायला धावले, कारण अजून क्षणभर थांबले असते तर तो माणूस परत गेला असता. इतक्यात फाटकाची कडी वाजली आणि यंत्रांच्या आवाजावर ओरडायची सवय असलेला बाबांचा आवाज अख्ख्या गल्लीत घुमला.

"शेवंता! ओ शेवंता! तुले विचारून राहिले!"

मी अंगणात पळाले. आईंनी नक्कीच ऐकलं होतं, कारण त्यांचे हात परातीत थांबले होते. तरी त्या उठेनात.

"आई, चला ना. तो माणूस थांबलाय."

"थांबू दे त्याले," आई हळूच म्हणाल्या. "आणखी एक डाव हाक मारू दे त्याईले."