लोकपालाच्या पाठीचं भोक

जरा पुढं सरकून बसा, मायबाप. लोयांग नगराजवळच्या आमच्या कुंभारवाड्यातली गोष्ट सांगतो. गोड नाही, पण ऐकाच.

खौ शान तीस वर्षं मातीचे लोकपाल, म्हणजे दिशांचे राखणदार देव, घडवत होता. अंगात चिलखत, डोळे वटारलेले, पायाखाली चिरडलेला राक्षस. बड्या अंमलदारांच्या थडग्यात ते पहारा द्यायचे. गोरगरिबांना असा पहारेकरी पुरायची मनाई. पण खौची सात वर्षांची लेक लुआन तापानं गेली, आणि बापानं वीतभर लोकपाल चोरून घडवला. दफनाचा मुहूर्त चार दिवसांवर होता.

मूर्ती आतून पोकळ असते. पाठीला बोटभर भोक ठेवतात, भट्टीत आतली वाफ तिथून निघून जाते. खौची बायको याव त्या भोकाकडे बघत राहिली.

"अहो, चोरासाठी खिडकी ठेवलीत की!"

"वेडी आहेस. वाफ कुठून जाईल?"

"वाफेचं मला नका सांगू. पिशाच्चाला सुईच्या नेढ्याएवढी वाट पुरते. अंमलदाराच्या मढ्यापाशी चार-चार उभे असतात. माझ्या पोरीला एकच, तोही भोकाचा?"

दुसऱ्या कुणी ते भोक बुजवलं असतं, तर खौनं त्याचे कान उपटले असते. पण हात त्याचाच पुढं गेला. मातीची गोळी घेतली, भोक लिंपलं, वरून अंगठा फिरवला. माती अजून ओलसर होती. त्याला ते ठाऊक होतं.

भट्टी पेटली आणि दुपारी आत फटकन आवाज झाला. शेजारच्या भट्टीवरून म्हातारा तौ ओरडला, "काय रे खौ, तीस वर्षांनी शिकाऊ झालास?"

खौ भट्टीत लाकडं सारत राहिला.

भट्टी निवल्यावर बघितलं, तर लोकपालाच्या ठिकऱ्या. राक्षस तेवढा भरीव, म्हणून शाबूत. त्याच्या पाठीवर लोकपालाची दोन तुटकी पावलं.

"पावलं तरी द्या तिला," याव म्हणाली. "मीच बोलले हो, माझ्याच तोंडानं..."

"हात माझा होता," खौ म्हणाला.

भट्टीत भाजताना पावलं राक्षसाशी एकजीव झाली होती. खौनं छिन्नी लावली, हलकेच ठोकली. पावलांचा चुरा झाला. राक्षस तसाच दात विचकून.

तो काही पोरीजवळ ठेवता येत नव्हता. मुहूर्त टळत नव्हता. लुआन एकटीच गेली.

मायबाप, बुद्धापुढं हात जोडाल तेव्हा तिचं नाव घ्या. लुआन. खौ शान आणि याव यांची लेक.