एकदा वाजला म्हणजे ठीक

स्टीलचं ताट खडखडलं.

तोवर घरात कुणीच बोलत नव्हतं. दिवेलागणीला आम्ही तिघी अशाच गप्प असतो. मी, सासूबाई आणि सहा वर्षांची शीला. आमच्या फोनचा आवाज गेलाय, तो नुसता थरथरतो. म्हणून त्याला फळीवर ताटात ठेवायचं. त्या वेळेला ताट वाजलं की समजायचं, शीलाचे बापू आहेत.

ते मेंढरं घेऊन जायकवाडीच्या पोटात गेलेत. सलग दुसरं साल कोरडं गेलं, धरण आटलं आणि उघड्या पडलेल्या गाळावर हिरवं उगवलं. इथं पडेगावात आमची मेंढरं चरायची तिथं आता प्लॉटचे दगड रोवलेत. बिडकीनकडं जावं तर तिकडंही कंपन्यांसाठी मोजणी चाललेली. सोबतीचे सगळे यंदा मेंढरं विकून मोकळे झाले, हे एकटेच गेले. तो गाळ वरून वाळलेला दिसतो, भेगा पडलेला. पाय ठेवला की आत. मागच्या आठवड्यात एक मेंढी पोटापर्यंत रुतली, ती ओढून काढता काढता हेही मांडीपर्यंत गेले होते. हे त्यांनी मला नंतर, हसत हसत सांगितलं. मी हसले नाही.

तेव्हापासून ठरलंय. बोलायला पैसे पडतात, मिस्ड कॉलला पडत नाहीत. रोज अंधार पडायच्या आत ते एका टेकाडावर चढतात, तिथंच काय ती रेंज. एकदा वाजवून बंद केला, म्हणजे सगळं ठीक. लागोपाठ तीनदा वाजवला, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाला, रामभाऊजींना, दोर घेऊन पाठवायचं. उचलायचा मात्र कधीच नाही.

मी ज्यांच्याकडं धुणंभांडी करते त्या चारुताताई परवा म्हणाल्या, "प्यायला पाणी नाही म्हणता, आणि मोबाईल बरा परवडतो गं तुम्हाला!" मी भांडी घासत राहिले. काय सांगणार? माझा नवरा रोज संध्याकाळी एवढ्याशा खडखडाटापुरता माझ्याजवळ येऊन जातो, हे कसं सांगायचं?

तर आज ताट खडखडलं, आणि मी चुलीपासून उठेपर्यंत शीलानं डब्यावर चढून हिरवं बटण दाबलंसुद्धा.

"बापू! बापू, मी शीला!"

मी फोन हिसकावला. बंद झाला होता.

तिचा काय दोष? मीच शिकवलं होतं. टँकरवाला फोन करतो तेव्हा मी कामावर असते, आणि कुणी उचलला नाही की पाणी पुढच्या गल्लीत जातं. "हिरवं दाब आन् येते म्हण," असं मीच तिच्याकडून घोकून घेतलेलं.

"काय म्हणला सोनाजी?" सासूबाई पुढं सरकल्या.

"काय नाय. मेंढरं वरडत व्हती."

"आन् तो?"

"वारा व्हता."

"वाऱ्याचं इचारलं का मी, भवाने? तो बोलला का?"

"'आं?' म्हणले. मंग बंद."

आम्ही ताटाकडं बघत बसलो. ते वाजलं नाही. वाजणार कसं? त्यांच्या फोनात रिंग जाण्यापुरतेच पैसे असतात. उचलला की तेही संपले. मी लावून पाहिला. फोनातली ती बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. म्हणजे टेकाडावरून खाली उतरले. भाकरीला उतरले असतील. नाहीतर गाळात.

पलीकडच्या खोलीतून रामभाऊजी आले. ऐकून त्यांनी डोकं खाजवलं.

"एकच आसंल, वयनी. रोज एकच आसतो की."

"आन् तीन असतील तर?"

त्यांनी खुंटीवरच्या दोराकडं पाहिलं. मग म्हणाले, "पैठणची शेवटची गाडी घावंल अजून. पर गेलो, आन् दादा भाकर खात बसलेला दिसला, तर जलमभर हसंल मला."

"हसू दे रामा," सासूबाई म्हणाल्या. "हसला तर लई बरं."

मी भाकरी फडक्यात बांधली. त्यांनी ती काखेत मारली. दोर खांद्यावर टाकत ते शीलाकडं वळले. "माझा फोन आला तर उचल बरं का, शीलाबाई. तुझ्या बापूचा नको उचलू." आणि पळतच रस्त्याला लागले.

फोन मी परत ताटात ठेवला. त्याच्यात चार्जिंगची एकच काडी उरली होती, आणि लाईट दुपारीच गेलेली. सासूबाई तोंडातल्या तोंडात देवाला बोलू लागल्या.

शीला फळीखाली येऊन बसली, दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधून, जणू ते आपलं ऐकणार नाहीत अशी तिला भीती होती. मी तिला मांडीवर ओढलं. तिचे केस मी मागं सारत राहिले.

तिनं मान वर केली.

"आई, मी उचलला नसता तर बापूनं किती येळा वाजवला असता?"