उफराट्या नवसांचा हुलक्या

मी एक जुना लाकडी चेहरा आहे, मित्रांनो. नुसता चेहरा! हात नाहीत, पाय नाहीत, धड तर नाहीच नाही. मुरबे गावच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली एक दगडी ओटा आहे, त्यावर मला टेकवून ठेवलंय. माझा एक डोळा मिटलेला, एक टक्क उघडा आणि तोंड डाव्या गालाकडे ओढलेलं. नवख्या माणसाने मला पाहिलं की तो आधी हसतो, मग इकडेतिकडे बघून गुपचूप हात जोडतो. गाव मला हुलक्या देव म्हणतं. सगळ्यांना हूल देतो तो हुलक्या.

खरं सांगू का? मला देव म्हणून कोणी घडवलंच नव्हतं. डोंगराकडचा जिवल्या नावाचा एक माणूस भातकापणी उरकली की होड्यांच्या कामाला खाली किनाऱ्यावर यायचा. होडीच्या फळीचा उरलेला सागाचा तुकडा त्याच्या हाती लागला आणि दुपारची भाकरी झाली की तो मला कोरत बसू लागला. डाव्या डोळ्याच्या जागी लाकडाला गाठ होती. पटाशी तिथे अडली, म्हणून डोळा मिटलेलाच राहिला. तोंड कोरताना तीच पटाशी सटकली आणि ओठ गेला गालावर. जिवल्या पोट धरून हसला. "र्‍हा आता असाच," म्हणाला. पावसाळा जवळ आला तसा तो आपल्या शेताकडे परत गेला आणि मला सुरूखाली विसरून गेला. झालं! मासळी वाळवायला आलेल्या बायांना झाडाखाली डोळा मारणारं तोंड दिसलं. कोणी हळद वाहिली, कोणी शेंदूर फासला, आणि बघता बघता माझा देव झाला.

माझी कीर्ती पसरली ती सोजराबाईमुळे. ती तेव्हा तरणीताठी होती आणि जिभेने तिखट. तिच्या नवऱ्याची होडी सारखी रिकामी परतत होती. एक दिवस ती कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी राहिली आणि कडाडली, "नको देऊस! आजपन आमची होडी रिकामीच येऊ दे. बघते तुजी मजा!" त्या दिवशी होडी पापलेटांनी भरून आली. आता मासळी समुद्राने दिली, मी काय देणार कपाळ? पण सोजराबाईने गावभर सांगितलं, "हा देव उफराटा हाय गो! सरळ मागशील तर मिळनार नाय."

तेव्हापासून माझ्यापुढे कोणी सरळ बोललं नाही. जाळं भरून हवं असेल तर म्हणायचं, सुकं येऊ दे. मुलीचं लग्न जमायला हवं असेल तर म्हणायचं, हिला कोणी पसंत करू नये. येताना डावी चप्पल उजव्या पायात घालायची, नारळ शेंडी खाली करून ठेवायचा. आणि नवस फेडायचा तो शिव्या देऊन! "मेल्या, मुडद्या, काय करून ठेवलंस हे!" असं ओरडत बाया माझ्या तोंडाला पेढा फासायच्या, आणि त्यांच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी असायचं. मला त्या शिव्या फार आवडायच्या, मित्रांनो. एवढ्या मायेने दुसऱ्या कुठल्या देवाला कोणी शिव्या दिल्या असतील असं मला वाटत नाही.

अर्थात आळही सगळे माझ्यावरच. जाळ्याला गाठी पडल्या, हुलक्याने पाडल्या. चप्पल सापडत नाही, हुलक्याने पळवली. हल्ली तर मोबाइलची रेंज गेली तरी माझ्याच नावाने खडे फोडतात. मला काय मेली रेंज कळते! आणि एक नियम सगळ्यांत कडक: हे उफराटं मागणं बाहेरच्या माणसाला, अगदी नव्या सुनेलासुद्धा, समजावून सांगायचं नाही. सांगितलं तर मागणं फुकट जातं म्हणे. हा नियम कोणी काढला देव जाणे, मी तर नाही काढला. पण त्यानेच घात केला.

गावात नलूबाई राहते. मासळी वाळवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. लहानपणापासून ती माझ्यापुढे उलटं बोलत आली आणि होता होता तिची जीभ घरातही उलटीच वळायला लागली. चांगल्याला चांगलं म्हटलं तर हुलक्याचा डोळा लागेल, ही भीती तिच्या हाडीमाशी खिळलेली. नवऱ्याने, कमलाकांतने, नवी साडी आणली तर म्हणायची, "काय हे फडकं!" आणि सणाला तीच नेसून मिरवायची. त्या घरातल्यांना सवय होती. तिचा मुलगा दर्पण तर हसायचा, "आय शिव्या देते म्हंजे खूश हाय."

दर्पणने लग्न केलं ते वाणगावच्या हेमालीशी. तिच्या वडिलांची मिरचीची वाडी. दोघांची ओळख बोईसरच्या बाजारात झाली, मग घरच्यांनी होय-नाही करत लग्न लावून दिलं. पोरगी गुणी. सुक्या मासळीच्या वासाने तिला मळमळायचं, तरी नाकाला ओढणी बांधून ती सासूच्या शेजारी बसायची आणि जवळा निवडायची. नलूबाई माझ्यासमोरच मासळी पसरायची, म्हणून मी सगळं पाहत होतो. हेमालीची पाठ वळली की नलूबाई तिच्याकडे अशी बघायची, जसं कोणी आपल्या लेकीकडे बघावं. पण तोंडाने? "कसलं हे निवडनं! कोंबड्या बऱ्या निवडतील." हेमालीची मान खाली जायची. मला वाटायचं, अगं बाई, एकदा तरी सरळ बोल! पण लाकडाचं कोण ऐकतं?

हळूहळू हेमाली वाळली. आईला फोन लावून ती सुरूच्या आडोशाला रडायची. नलूबाईच्या ते ध्यानात आलं. पोरगी माहेरी निघून गेली तर? दर्पण समुद्रावर गेलेला असताना एका सकाळी ती चपला बदलून माझ्याकडे आली. डोळे मिटले, पदर पसरला आणि म्हणाली, "हुलक्या, ही पोरगी माज्या घरात टिकू देऊ नको. तिचा पाय माज्या उंबऱ्याला नको. घेऊन जा तिला. मला ती नको!"

आणि मागे हेमाली उभी होती. सासूचा घरी राहिलेला मोबाइल द्यायला आली होती बिचारी.

मी तिचा चेहरा पाहिला. माझा उघडा डोळा मिटता आला असता तर मी तो मिटला असता. तिने मोबाइल ओट्याच्या कडेला ठेवला आणि आली तशी गेली. नलूबाईने डोळे उघडले तेव्हा तिला सुनेची लांब जाणारी पाठ दिसली. ती धावत घरी गेली, पण पोरगी पिशवी घेऊन रिक्षात बसलीसुद्धा होती.

दुपारी नलूबाई माझ्यापाशीच येऊन बसली आणि नियम बाजूला ठेवून तिने फोन लावला. "हेमाली, अगो तू आयकलंस ते तसं नव्हतं. आमी ह्या देवापुढं उलटं मागतो. सोजराबाईला इचार पायजे तर."

फोनमधून हेमालीचा आवाज आला. थकलेला होता, चिडलेला नव्हता. "उलटं? आणि घरात रोज बोलता, तेही उलटंच का? मी गेल्यावर आता हे सुचलं तुम्हाला. माझा नाही विश्वास बसत."

"मग मी काय करू, पोरी?"

"ज्या देवापुढे मी नको म्हणालात, त्याच्याच पुढे हवी म्हणून दाखवा."

नलूबाईने माझ्याकडे पाहिलं. तिला ते म्हणवेना. तुम्ही हसाल, मित्रांनो, पण हसू नका. तिच्या मनात ते अगदी खरं होतं: हुलक्यापुढे हवी म्हटलं की ती गोष्ट गेलीच. म्हणजे सून कायमची गेली. पलीकडून फोन बंद झाला.

सोजराबाई काठी टेकत आली. सगळं ऐकून म्हणाली, "सरळ बोलू नको गो बया. बोललीस तर पोरगी गेली म्हनून समज."

"आनि नाय बोलले तर?" नलूबाईने विचारलं. सोजराबाईने काठी उचलली आणि घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नलूबाई आली. आज चपला ज्या त्या पायात होत्या. तिने मला ओट्यावरून उचललं, मासळीच्या टोपलीत ठेवलं, वर फडकं टाकलं आणि निघाली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा गाव सोडत होतो! बोईसरच्या शेअर रिक्षात शेजारी कारखान्यात निघालेला एक माणूस होता. त्याने नाक मुरडलं. "मौसी, टोकरी में मच्छी है क्या?"

"मच्छी नाय, देव हाय," नलूबाईने फडकं बाजूला केलं. मी डोळा मारतोय हे पाहून त्याने घाईघाईने पाय पोटाशी घेतले आणि उतरेपर्यंत हात जोडलेलेच ठेवले. एरवी नलूबाई पोट धरून हसली असती. आज ती टोपली घट्ट धरून बाहेर बघत राहिली.

वाणगावला हेमालीच्या अंगणात मिरचीचे ढीग पडले होते. मायलेकी मिरची निवडत होत्या. हेमालीची आई भावना पाणी घेऊन पुढे आली. नलूबाईने पाणी घेतलं नाही. तिने एक रिकामा क्रेट पालथा घातला, त्यावर मला ठेवलं, सुनेसमोर उभी राहिली आणि माझ्याकडे वळून बोलू लागली.

"हुलक्या, आज कान उघडून आयक. ही पोरगी मला हवी. ती जवळा निवडते तसा माज्या हाताला पन नाय जमत. ती घरात चालते तवा घर भरल्यासारखं वाटतं. मी तिला येक चांगला शबुद दिला नाय, भीतीनं दिला नाय. मला वाटलं, चांगलं बोलले तर तू नेशील." तिने पदराने डोळे पुसले. "आता बोलले. आता तुला काय उफराटं करायचं ते कर. पन तिला कळू दे, ती मला हवी होती."

हेमाली रडत होती, पण तिने सासूकडे बघून नाही अशी मान हलवली. "आज मी येत नाही, आई. मला थोडं राहू द्या."

नलूबाईला वाटलं, झालं, घेतलाच ह्याने घास! पण ती एका शब्दाने आड आली नाही. "र्‍हा गो. तुजं घर हाय हे," म्हणाली, आता कुठे पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि मला घेऊन परत फिरली. मला तिची इतकी दया आली, मित्रांनो! आणि तितकाच अभिमानही वाटला. वादळात होडी हाकणारे पुष्कळ पाहिले, पण असलं धाडस मी कधी पाहिलं नव्हतं.

मग वाट पाहणं सुरू झालं. सोजराबाई म्हणाली, "मी सांगितलं नव्हतं?" दर्पण समुद्रावरून आला, सगळं कळलं तसा तो वाणगावला निघाला. नलूबाईने त्याला अडवलं. "भेटून ये तिला. पन ओढून आनू नको. तिच्या मनात येईल तवा ती येईल." ती रोज मासळी पसरायची आणि तिची नजर रस्त्याकडे असायची. माझ्याजवळ यायची, पण काही मागायची नाही. नुसती बसायची.

एका दुपारी रिक्षा थांबली. हेमाली उतरली, खांद्याला पिशवी. ती थेट मासळीच्या मैदानात गेली आणि सासूसमोर उभी राहिली. नलूबाई बोंबील हातात धरून तशीच बघत राहिली. तिच्या तोंडात जुनी सवय आली, मला दिसलं ते. ती तिने गिळली.

"आलीस?" ती म्हणाली. "बरं केलंस गो. घर सुनं झालं होतं."

हेमालीने पिशवी खाली ठेवली, ओढणी कमरेला खोचली आणि शेजारी बसून मासळी लावू लागली. नाकाला काही बांधलं नाही. वास तिला तसाच येत असणार, पण ती उठली नाही.

ही गोष्ट गावभर झाली आणि माझं देवपण उतरणीला लागलं. सरळ बोलूनही सून परत येते, मग हुलक्याची भीती कोण धरणार? हल्ली पालथे नारळ फारसे येत नाहीत. शेंदूर खपल्या खपल्यांनी गळतोय आणि पाठीला वाळवी लागलीय. सोजराबाई अजून येते, चपला बदलून, उलटं मागून जाते. जाऊ दे, तिचं वय झालं. कधीकधी मलाही जुन्या दिवसांची आठवण येते, त्या प्रेमाच्या शिव्यांची तर फार. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

म्हणून एक विनंती. कधी मुरब्याला आलात तर मला नवस बोलू नका, पेढेही नकोत. होडीच्या लाकडाला लावतात त्या तेलाचा एक हात माझ्या पाठीवरून फिरवा, म्हणजे आणखी काही पावसाळे निघतील. आणि घरी गेल्यावर, ज्याच्यावर तुमची माया आहे, त्याला ती तोंडाने सांगा. मी किती वर्षं सगळं पाहिलं, सगळं जाणलं, पण माझं तोंड लाकडाचं. तुमचं नाही.