वासराला दुखतं का?

डॉक्टर चिंतामणी परचुरे यांनी सगळी नोकरी देवीची लस तयार करण्यात घालवली. तिथे त्यांचा संबंध यायचा तो वासरांशी, आणि वासरं उलट बोलत नाहीत. त्यामुळे माणसांशी वाद घालायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी बदलापुरात, कुळगावच्या अगदी कडेला घर बांधलं. वर्षभरात त्यांच्या पत्नी माई गेल्या. तेव्हा कुठे डॉक्टरांच्या ध्यानात आलं, की आपल्याला बोलायची सवय एकाच माणसाशी होती.

एकटेपणाचं त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? पण पोस्टमन दारात आला की त्यांचा आवाज आधी घोगरा निघायचा, मग खाकरून साफ व्हायचा. दिवसातलं ते पहिलंच बोलणं असायचं. स्वयंपाक ते स्वतःच करत, आणि पोळी जळली तर पोळीलाच रागवत.

हिवाळ्यात सरकारी टोचणारा गावात आला आणि आगऱ्यांच्या वाडीने दारं लावून घेतली. बायका पोरांना काखोटीला मारून शेतात पसार झाल्या. डॉक्टरांचं डोकं तापलं. काठी टेकत ते वाडीत गेले आणि मधोमध उभे राहून ओरडले, "ज्याला शंका असेल त्याने माझ्याकडे यावं! मी उत्तर देईन!" पोरं खिदळली, कुत्री भुंकली. डॉक्टर घरी परतले ते स्वतःवरच चिडून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हरिचंद्र आला. पन्नाशी उलटलेला, रापलेला, डोळे मात्र मिश्कील. काकड्या आणि वालाच्या शेंगा बैलगाडीत घालून तो उल्हासनगरच्या कॅम्पात विकायला जायचा. तिथल्या सिंधी दुकानदारांकडून त्याने 'साईं' एवढा शब्द उचलला होता आणि तो वाटेल त्याला बहाल करायचा.

"साईं, ती लस वासराच्या अंगावर वाढवताव म्हनं. खरा काय?"

"खरं आहे."

"मंग वासराला दुखत आसंल ना?"

असला प्रश्न डॉक्टरांना जन्मात कुणी विचारला नव्हता. त्यांनी वासराचं पोट कसं स्वच्छ करतात, किती वरवरचा ओरखडा काढतात, सगळं सविस्तर सांगितलं. हरिचंद्राने मान डोलावून ऐकून घेतलं. दुखतं की नाही, एवढं मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही. उद्या येतो म्हणून तो गेला, आणि खरोखरच आला.

त्याच्या घरात धाकट्या मुलाची मुलगी होती, चिमी. पाच-सहा वर्षांची, वाडीभर हुंदडणारी, आणि न टोचलेली. तिला टोचून घ्यायचं, एवढ्यासाठी डॉक्टर जीव तोडून बोलत होते. हरिचंद्र का नको म्हणतो, ते कळायला मात्र पावसाळा उजाडला.

"माझा थोरला, जनू. त्याला टोचला, आन् थोड्या दिसांत तापानं गेला. डाक्टर म्हनला, तुमी अडानी, काय तरी खायाला घातला आसंल. तुमी सांगा, कशानं गेला?"

डॉक्टरांनी खूप विचार केला. सुई घाण असेल, लस बिघडलेली असेल, किंवा ताप वेगळाच असेल. पोर कुणी तपासलं नव्हतं, तर आता काय सांगणार? शेवटी ते म्हणाले, "मला माहीत नाही, हरिभाऊ."

हरिचंद्र उठला आणि पायरी उतरून गेला. आता हा पुन्हा यायचा नाही, असं डॉक्टरांनी धरलं आणि त्यांना जेवण गेलं नाही. पण तो दुसऱ्या दिवशी आला, काकड्या घेऊन.

अंबरनाथला त्यांचे जुने सहकारी विष्णुपंत राहत. एका रविवारी ते भेटायला आले आणि हा प्रकार ऐकून कपाळाला हात लावून बसले. "अरे, तू शास्त्रज्ञ की कीर्तनकार? कायदा आहे, शिपाई आहे, हात धरायचा आणि टोचायचं. असल्यांशी बोलायला बसलास की त्यांना वाटतं, आपलंही म्हणणं काहीतरी वजनाचं आहे."

"आहेच वजनाचं," डॉक्टर म्हणाले. "त्याचा मुलगा गेलाय."

"आणि नात गेली तर?"

यावर डॉक्टरांनी विष्णुपंतांना चहा विचारला.

दिवाळीनंतर हरिचंद्राच्या वादातला जोर गेला. डॉक्टरांच्या हे लगेच लक्षात आलं. पूर्वी तो मुद्दा धरून बसायचा, आता उत्तर अर्धं ऐकूनच "बराबर" म्हणायचा आणि पुन्हा जुनाच प्रश्न काढायचा. "पन साईं, वासराला दुखत आसंल ना?" डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. दोघंही रंगून जायचे. मधेच माईंचा विषय निघायचा, भाताचा निघायचा, कॅम्पातल्या पापडांचा निघायचा. "मग चिमीला टोचूया का?" एवढं विचारलं असतं की झालं. कल्याणहून लस मागवायला एक निरोप पुरला असता. पण तो हो म्हणाला तर? मग उद्या कशाला येईल? डॉक्टर रोज ठरवत, आज विचारू. आणि रोज वालाच्या शेंगांवर बोलत बसत. त्यांना स्वतःची लाज वाटे, पण संध्याकाळ झाली की ती लाज कुठे जायची कोण जाणे.

फाल्गुनात हरिचंद्र यायचा बंद झाला. पहिल्या संध्याकाळी डॉक्टरांना वाटलं, गाडीचं चाक मोडलं असेल. मग वाटलं, आपण काही टोचून बोललो असू. मनात नको ते आलं तेव्हा ते वाडीत गेले.

जेवणाची वेळ होती. घराघरांतून फोडणीचा खमंग वास येत होता. हरिचंद्राच्या दाराशी मात्र कसलाच वास नव्हता. चौकटीला कडुनिंबाचा डहाळा खोचलेला होता. देवी घरात बसली की तिथे फोडणी देत नाहीत, तळत नाहीत, मोठ्याने बोलत नाहीत, रडतसुद्धा नाहीत. पाहुणी आहे ती, तिला उष्ण लागता कामा नये. डॉक्टरांचे पाय उंबऱ्याबाहेरच थांबले.

"चपला तिकरं काढा," हरिचंद्राची बायको पुतळाबाई आतून हळूच म्हणाली. "देवीच्या बाया आल्यान."

आत दह्याभाताचं ताट झाकून ठेवलेलं होतं. त्याच्या पलीकडे चिमी निजली होती. डॉक्टरांनी वाकून पाहिलं. आयुष्यभर ज्याच्या विरोधात काम केलं, ते त्यांनी बरोबर ओळखलं. तिचं तोंड ओळखू येत नव्हतं.

हरिचंद्र अंगणात आला. डॉक्टर कुजबुजत म्हणाले, "उद्याच लस मागवतो. घरातल्यांना, वाडीतल्यांना, सगळ्यांना लगेच टोचायला हवं."

"टोचा."

इतकंच. वाद नाही, वासरू नाही. डॉक्टरांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"मी दिवालीलाच तयार व्हतो," हरिचंद्र जमिनीकडे बघत म्हणाला. "ज्या दिशी तुमी म्हाईत नाय म्हनलाव, तवाच मन फिराया लागला माझा."

"मग बोलला का नाहीत?"

"बोल्लो आसतो त बोलना सपला आसता. माई गेल्या. तुमच्याशी बोलनारा कोन? मी येतो तवा तुमचा आवाज घोगरा आसतो, मंग सुटतो. म्हनला, पोरगी कुठं पलून जाते? टोचू सावकाश."

डॉक्टरांना गलबलून आलं. मलाही कळलं होतं, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण त्या दारात रडायची सोय नव्हती. ते चपला हातात घेऊनच निघाले.

लस येईपर्यंत चिमी गेली होती.

पारावर टेबल टाकून डॉक्टर बसले. अख्खी वाडी आली. ज्यांनी दारं लावली होती ते आले, शेतात पळालेल्या बायका पोरांना पुढे करून उभ्या राहिल्या. बाह्या वर केलेल्या, माना खाली. लस कशाची, ताप येईल का, वासराचं काय, कुणी एका शब्दाने विचारलं नाही. विष्णुपंतांनी पाहिलं असतं तर खूश झाले असते. डॉक्टर एकेक दंड पुसत होते आणि कुणीतरी काहीतरी विचारावं म्हणून आसुसले होते.

सगळ्यांत शेवटी हरिचंद्र आला. त्याने दंड पुढे केला आणि तोंड फिरवलं. डॉक्टर सुई हातात धरून थांबले. तो विचारेल असं त्यांना वाटलं.

"वासराला दुखतं, हरिभाऊ," शेवटी तेच म्हणाले. आवाज घोगरा निघाला. "खूप दुखतं."

"म्हाईत हाय मना." तोंड पुन्हा वळवून त्याने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "आन् मी तयार हाय, हा तुमाला म्हाईत व्हता. नाय का?"

माहीत नाही म्हणता आलं असतं. एकदा त्या शब्दांनी सगळं साधलं होतं.

"होतं," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी टोचलं.

हरिचंद्राने हात झाडला आणि तो घराच्या वाटेला लागला. रांगेत त्याच्या मागे कुणी उरलं नव्हतं. त्या जागेला पाणी लागू देऊ नका, खाजवू नका, हे प्रत्येकाला सांगायचं असतं. त्याला सांगायचं राहून गेलं.