वट्ट्यावरची माती

मोहिनीने पुन्हा काटा पाहिला. तोच आकडा.

धुळ्याच्या कॉलेजातल्या त्या प्रयोगशाळेत तिचं पीएच.डी.चं काम चालू होतं. पितळेच्या पोकळ चौकोनी नळीतून सूक्ष्मलहरी सोडायच्या, टोकाला ओलसर माती भरायची, आणि परत आलेल्या लहरीवरून माती किती ऊर्जा साठवते अन् किती गिळते ते काढायचं. तापीकाठच्या गावोगावची माती मोजून झाली होती, सगळी एका चालीत. शेवटची राहिली होती ती चोपड्याकडच्या तिच्या घरच्या शेतातली, वडिलांनी आणून दिलेली. नेमकी तीच बेताल निघाली! साठवण ठीक, पण गिळणं भलतंच.

"बेन्झीनचा आधीच माहीत असलेला आकडा यंत्रानं बरोबर दिला ना? म्हणजे यंत्र ठीक आहे," मिसबाह मॅडम म्हणाल्या. त्या तिच्या मार्गदर्शक. "राहतो तो तुझा हात. माती भिजवताना, भरताना काहीतरी चुकतंय. अन् हात इथं चुकत असेल, तर आधीच्या गावांवर तरी भरवसा कसा ठेवायचा? सोमवारी समितीपुढे काय मांडणार?"

मोहिनीने नोंदवहीची पानं मागे चाळली. सगळंच पुन्हा मोजायचं?

तेवढ्यात दारात तिचे वडील, चुडामण आबा, उभे. एकादशीचं कीर्तन ऐकायला धुळ्याला आलेले. कपाळाला बुक्का, हातात रताळ्यांची पिशवी.

"काय व्हयनं व बेटा? तोंड काब्र उतरेल शे तुन्हं?"

तिने सांगितलं. आबांनी मान डोलावत सगळं ऐकलं, जसं ते बुवांचं निरूपण ऐकतात.

"बठ्ठा टाळकरी तालमा शेतस, येकच चुकस. मंग मृदंगले काब्र दोष देवो? त्या येकले इचार ना!"

मॅडम हसल्या. "खरंय, सगळे तालात असताना चुकतो त्या एकालाच विचारू. आबा, माती नेमकी कुठून घेतली तुम्ही?"

आबांची छाती फुगली. "आपला वावरनीच. पन अशी तशी नही! पोरगीना अभ्यासले कोठलीबी माती कशी देवो? निंबखाले देवना वट्टा शे ना, तठली लयनू."

मोहिनी आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. लहानपणी तिथं चामखीळ होती. आई, कुंदाबाई, तिला त्याच वट्ट्यावर, देवाच्या ओट्यावर, घेऊन गेली होती, अन् देवापुढे ओंजळभर मीठ वाहायला लावलं होतं. चामखीळ झाली की गावातला जो तो तिथंच जातो. पाऊस पडला की ते मीठ मातीत.

"आबा, मीठ! तठे बठ्ठा मीठ वाहतस!"

आबांचा चेहरा पडला. "मन्हामुये घोटाया व्हयना?"

"ओल्या मातीतलं मीठ लहरी गिळतं खरं, पण अजून सिद्ध कुठं झालंय?" मॅडम म्हणाल्या. "साध्या वावरातली माती हवी. पण चोपड्याला आता जाणार कोण?"

मोहिनीने पिशवी उपडी केली. रताळ्यांना काळी माती चिकटलेली होती.

"ही कोठेनी?"

"आपलीच. वट्टापासून लांबनी."

तिने ब्रशने ती माती झाडली, चाळली, अन् वाळवायला भट्टीत ठेवली. नळीच्या टोकापुरती झाली.

संध्याकाळी कीर्तनात बुवांनी गजर मागितला. सगळा मंडप टाळ्या देत होता, आबांचे हात मात्र मांडीवरच राहिले. लेकीचं काम आपल्या भक्तीनं बुडवलं की काय, हेच डोक्यात.

सकाळी ते प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात चपला काढून उभे राहिले. मोहिनीने माती नेहमीसारखीच भिजवली, भरली, आणि नळीवरची सरकपट्टी हळूहळू पुढे नेली. काटा खाली आला अन् थांबला. तिने हिशोब केला. इतर गावांच्या अगदी रांगेत!

मॅडमनी त्याच मातीत चिमूटभर मीठ घालायला लावलं. काटा बहकला, वट्ट्यावरच्या मातीसारखाच.

"हात चांगला आहे ग तुझा," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी बिनधास्त उभी राहा. अन् ही खारी मातीसुद्धा मांड. मीठ असलं की काय होतं, ते आबांच्या कृपेनं कळलं."

मोहिनी स्टुलावर बसली. हसू आणि डोळ्यांत पाणी एकदमच आलं.

आबांनी वट्ट्यावरची उरलेली माती मागून घेतली, रुमालात बांधली, अन् डोक्याला लावली.

"जठली तठे ठी दिसू. पन येक सांग, चामखीळ गयती ना तुन्ही?"

तिने अंगठा पुढे केला. गुळगुळीत.

"गयती, आबा."

"मंग देवनं काय चुकनं?" आबा म्हणाले, आणि कालच्या कीर्तनात राहिलेल्या टाळ्या तिथंच वाजवल्या.