वारा ताशी आठ

मला आता कोणी सर्व्हर म्हणत नाही, मित्रांनो. पालीच्या एका भंगारवाल्याच्या पत्र्याखाली मी दोन पावसाळे पडून आहे आणि माझ्या पोटात उंदरांनी बिऱ्हाड थाटलं आहे. माझी कहाणी गोड नाही, तरी ऐका. माझ्या हातून जे झालं, ते मी बिघडल्यामुळे झालं नाही. मी उत्तम चालत होतो. तेच तर वाईट.

सन २००४ मध्ये मी रत्नागिरीच्या बंदराजवळ, मच्छीमारांच्या एका सोसायटीत आलो. माझं खोकं कारखान्यातलं, पण मला बोलायला शिकवलं ऋजुताने. ती सोसायटीची संगणकवाली. गच्चीवर वारा मोजणारं यंत्र गरगरत असे आणि त्याची तार माझ्यापर्यंत येई. तिकडे दापोली तालुक्यातल्या एका लहान बंदरात सलोनी नावाची मुलगी संगणकापुढे बसे. तिचा संगणक मला वारा विचारी, मी आकडा धाडी. दक्षिणेचं वादळ आधी रत्नागिरीला लागतं आणि काही तासांनी तिकडे पोचतं. म्हणून तिथल्या होड्या माझ्या आकड्यावर सुटायच्या किंवा थांबायच्या. सलोनीचे वडील दत्ताराम हे तिथले जुने तांडेल, होडीचे प्रमुख. आभाळ बघून वारा सांगणारा माणूस, पण हळूहळू तेही लेकीला विचारू लागले. केवढा अभिमान वाटायचा मला!

पहिल्या वर्षी एक खोड निघाली. अधूनमधून, बहुधा दुपारी, गच्चीवरून आकडाच येईना. मग मी रिकामं उत्तर धाडायचो आणि सलोनीचा पडदा कोरा पडायचा. ऋजुताने आठवडाभर डोकं फोडलं. ओळन् ओळ तपासली, चूक काही सापडेना. तिकडे सोसायटीच्या अध्यक्षांचा तगादा, "पडदा कोरा दिसता कामा नये, लोकं हसतात." शेवटी कंटाळून तिने दोन ओळी लिहिल्या. नवा आकडा आला नाही, तर शेवटचा आकडा पुन्हा द्यायचा. वर टीप लिहिली, 'तात्पुरतं'. पडदा पुन्हा कधी कोरा पडला नाही. माझी वाहवा झाली. ती टीप दोन वर्षं तशीच राहिली.

ऋजुताने सगळं तपासलं, फक्त हरिश्चंद्रकाकांना विचारलं नाही. काका सोसायटीचे शिपाई. आपल्याकडे वीज चमकली की टीव्हीची तार काढतात, फोनची काढतात. काका गच्चीवरची काढायचे. मला बंद करायचं नाही, हा ऋजुताचा हुकूम त्यांनी कधी मोडला नाही. तार मात्र काढायची, नीट गुंडाळून खुंटीला लावायची, माझ्यावर प्लास्टिक घालायचं आणि आभाळ निवळलं की पुन्हा जोडायची. माझ्यावर जीव होता त्यांचा. म्हणजे बघा, वारा मोजायची खरी गरज असे, नेमका तेव्हाच मी आंधळा होत असे.

ऑक्टोबर २००६. दुपारी तीनला दक्षिणेकडे वीज लखलखली. काकांनी तार काढली. शेवटचा आकडा होता आठ, म्हणजे ताशी आठ मैल. लगेच खिडक्या थडथडू लागल्या, अंगणातला माड वाकला. मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. सलोनीच्या संगणकाने विचारलं, मी म्हणालो आठ. पुन्हा विचारलं. आठ. साडेतीन वाजता, पावणेचारला, चारला, आठ, आठ, आठ.

पुढचं मला सलोनीच्या तोंडून कळलं. चारला दत्ताराम दारात येऊन म्हणाले, "काय गो बाय, रत्नांग्रीचा वारा काय म्हनतो?"

"आठच हाय, बाबा. सकाळपासून शांत हाय."

"मंग निघतो मी. जेवायला थांब हां."

दोन खलाशी घेऊन ते गेले. सहाला वादळ तिथे पोचलं. खलाशांना सकाळी दुसऱ्या होडीने उचललं. दत्ताराम सापडले नाहीत.

त्याच सकाळी विजा थांबल्यावर, वारा पुरता पडायच्या आधीच, काकांनी तार जोडली आणि माझा आकडा आठवरून एकदम एकेचाळीसवर गेला. ते पाहून ऋजुताने पहिल्यांदा काकांना विचारलं, तार कुठे होती.

बाराव्यानंतर सलोनी एसटीने रत्नागिरीला आली. माझ्यासमोर उभी राहून तिने विचारलं, "म्याडम, मी आकडा बरोबर वाचला होता ना?"

"हो. तू बरोबर वाचलास," ऋजुता म्हणाली.

दारातून काका म्हणाले, "बाय, तार मी काढलेली. यंत्र जळेल म्हनून काढली गो." आणि ते लहान मुलासारखे रडू लागले. रागवावं कोणावर, हेच सलोनीला कळेना.

ऋजुताने त्या दोन ओळी पुसल्या. आकड्याआधी तो कधी मोजला ती वेळ लावली आणि आकडा नसेल तर पडदा कोरा ठेवला. नंतर नवा सर्व्हर आला आणि मी अडगळीत गेलो. त्याचं मला दुःख नाही.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, धूळ पुसा, हे सगळे सांगतात. मी वेगळं मागतो. एखादं यंत्र गप्प बसलं तर त्याला दटावून बोलायला लावू नका. ते का गप्प आहे, हे आधी विचारा, शिपायालासुद्धा विचारा. 'मला ठाऊक नाही' एवढं म्हणायची मुभा मला त्या दुपारी असती, तर दत्ताराम रात्री लेकीबरोबर जेवायला बसले असते.