हौशाचं आवतन

खूर.

उजमानं सुरुवात पायापासून केली. उद्या पोळा. शेलूबाजारच्या जीपस्टॉपवर माणिकरावांच्या गोदामाची भिंत, आणि तिच्यावर खताची जाहिरात नाही, दुकानाचं नाव नाही. बैल! पेंटर फय्याजच्या पोरीचं स्वतःचं पहिलं चित्र. मंगरूळपीरहून येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं.

पाठ. वशिंड. डोळा.

डोळा उघडला तशी जीपमधली माणसं भराभर खाली उतरली.

"अबे, हा त हौशा!"

रंगूबाईचा बैल. मागच्या साली विहिरीत पडला, एक शिंग तिथंच ठेवून वर आला आणि पेरणीला उभा राहिला.

शिंग.

एकच.

"दुसरं काहून नाई?" माणिकराव.

"त्याले नाईच ना, काका."

"पोळ्याले माह्या भितीवर मोडका बैल? दुसरं काढ, नाईतर चुना मारतो."

दोनच फटकारे. उजमानं ब्रश उचललाही. पण मग तो कुठलाही बैल झाला असता, हौशा नाही. तिचा हात खाली आला.

"मारा चुना."

बादली आली. माणिकरावांनी चुन्यात ब्रश बुडवला.

खांदा.

घरोघर बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देणं चाललं होतं. हौशाचे मळून होतात तोच चुन्याची बातमी कानावर पडली, तशी रंगूबाई वाटीसकट धावत आली. थेट भिंतीशी.

"मावशी, रंग ओला हाय!"

फचक! चित्रातल्या खांद्यावर हळदीची पाच बोटं उमटली.

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये!" रंगूबाई खणखणीत ओरडली.

चुन्याचा ब्रश हवेतच थांबला. आवतन दिलेल्या बैलाला उपाशी पुसणार कोण?

"रंगूबाई, हे काय करून ठेवलं?"

"पुरणाचं पाहा, माणिकराव. भीत तुमची, त पाहुणाबी तुमचाच."

जीपवाले खो खो हसले. माणिकरावांनी मिशीतल्या मिशीत हसू दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. त्यांनी बादली बाजूला सरकवली.

रंगूबाईनं ओल्या रंगानं लाल झालेला आपला तळहात पाहिला. "बिघडवलं का वं म्या?"

"राहू द्या, मावशी. त्याले शोभते."

"आन् तुलेबी आवतन हाय. अब्बाले घेऊन ये."

उजमा "हो" म्हणायलाही थांबली नाही. ती धावली, कारण—

शेपूट!

शेपूट राहिलंच होतं. तिनं ते उभारलं, उधळलेल्या बैलासारखं, वर, आणखी वर. हात पुरेना, तेव्हा ती चुन्याची बादली पालथी घालून तिच्यावरच चढली.